हसण्याचा आधार

हसण्याविषयी गंभीरपणे बोलणारा माणूस भेटला की मी अजूनही काहीतरी निमित्त काढून उठते. नातवंडं म्हणतात, आजीला विनोद कळत नाही. कळतो रे बाबांनो, चांगला कळतो. पण विनोदाचा जो काही अभ्यास माझ्या नशिबी होता तो मी ऐन पंचविशीत एका माणसापायी करून बसले, आणि त्याचा शीण अजून उतरलेला नाही.

त्यांचं नाव घेत नाही. त्यांच्या मुली आहेत, सुना-जावई आहेत, कशाला उगाच. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो, मीही तेच म्हणते. मी तेव्हा गिरगावातल्या एका जुन्या ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीवर बसायचे. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. रोज कुठं ना कुठं सभा, मोर्चा, हरताळ. परळच्या चाळीतून निघताना आई बजावायची, गडबड दिसली तर अर्ध्यातून परत ये. गडबड असली तरी सर मात्र चार वाजता खिडकीशी हजर. कॉलेजातले तास आटपून थेट येत. वैशाखातही अंगात कोट, खांद्याला कागदांची पिशवी, त्या पिशवीनं एक खांदा कायमचा खाली गेलेला. आणि चेहरा असा, की आत्ताच कुणाच्या तरी दुःखाच्या घरी भेटून आलेत. हा माणूस दहा वर्षं हास्यावर प्रबंध लिहीत होता.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, विनोदावर काय आहे? मी आपली नवीन, उत्साही. सगळ्यात जास्त मागणी असलेली तीन विनोदी पुस्तकं काढून दिली. दुसऱ्या दिवशी तिन्ही परत. म्हणाले, "बाई, मला हसायचं नाहीये. माणसं का हसतात ते बघायचंय." मी मुख्य ग्रंथपालांकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि सांगितलं, की आपल्याकडे 'विनोदी' असा एकच खण आहे, त्यात असेल ते द्या.

आता गंमत अशी, की विनोदी पुस्तकं एका कपाटात असतात, पण विनोदावरची पुस्तकं कुठंच नसतात. म्हणजे असतात, पण पांगलेली. एक संस्कृतात, रसशास्त्राच्या गठ्ठ्यात. एक मानसशास्त्रात, स्वप्नांच्या शेजारी. एक आरोग्यात, कारण कुणा डॉक्टरनं हसल्यानं पचन सुधारतं असं लिहिलेलं. एक तत्त्वज्ञानात. एक इंग्रजी जाडजूड पुस्तक तर प्रवासवर्णनांत निघालं, ते तिथं का होतं हे ग्रंथपालांनाही सांगता येईना. सर एक पुस्तक संपवायचे, त्याच्या तळटिपांतून तीन नवी नावं काढायचे, आणि मी शिडी घेऊन निघायचे. माझे गुडघे त्या शिड्यांवर गेलेत, बाळंतपणात नव्हे.

टिपणं काढायला त्यांच्याकडे लग्नपत्रिका होत्या. जुन्या लग्नपत्रिका गोळा करून त्यांचे तळहाताएवढे चौकोन कापायचे आणि कोऱ्या बाजूला लिहायचे. त्यामुळे एका बाजूला 'आमचे येथे श्रीकृपेकरून' आणि दुसऱ्या बाजूला 'हास्य : तिरस्कारातून की सुटकेतून?' असा कारभार. ती पत्ते वाटल्यासारखी टेबलभर मांडायची, आणि मग पंखा बंद करायला लावायचा. वाचनालयात एकच पंखा. त्याच्याखाली वर्तमानपत्रं वाचणारे पेन्शनर. मे महिना. रोज भांडण. पेन्शनर पंखा लावायचे, सर उठून बंद करायचे, पेन्शनर माझ्याकडे तक्रार आणायचे. मी कुणाची बाजू घेणार? मी आपली रबरी शिक्के पुसत बसायचे.

सरांची दुसरी खोड म्हणजे एक प्रश्न. कुणी काहीही सांगितलं की विचारायचे, कुठं वाचलंत? कितव्या पानावर? रेशनवर तांदूळ येणार आहे, कुठं वाचलंत. मधुमेहाला कारलं चांगलं, कितव्या पानावर. त्यांच्या बायकोनं म्हणे एकदा सांगितलं की धाकटीला ताप आहे, तेव्हा हे सवयीनं तेच बोलून गेले आणि चार दिवस घरात अबोला होता. हे त्यांनीच मला सांगितलं, अगदी सरळ चेहऱ्यानं.

या प्रश्नापायी सर एकदा मार खाता खाता वाचले. एका दुपारी एक गृहस्थ जिना चढत धापा टाकत वर आले आणि म्हणाले, मुंबई मिळाली, रेडिओवर सांगितलं. सगळं वाचनालय उभं राहिलं. एक म्हातारे पेन्शनर तर रडायलाच लागले. माझ्याही अंगावर काटा आला, कारण आमच्या चाळीतला एक जण गोळीबारात गेलेला होता, त्याची बायको रोज डोळ्यांसमोर. त्या सगळ्या गलक्यात सर आपली पेन्सिल खाली न ठेवता म्हणाले, कुठल्या केंद्रावरून? किती वाजता? ते गृहस्थ चाचरले. मग निघालं, की त्यांनी स्वतः ऐकलं नव्हतं, पानवाल्यानं सांगितलं होतं, आणि पानवाल्यानं कुणाकडून तरी. रडणाऱ्या पेन्शनरांनी छत्री उगारली. तुम्ही महाराष्ट्राचे आहात की कुणाचे, असं ते ओरडले. सर परत आपल्या टिपणाकडे वळले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात काही नव्हतं, म्हणजे सरांचं बरोबर होतं, आणि तोच तर राग. त्या आठवड्यात कुणीतरी पंखा मुद्दाम भरधाव सोडला. सरांच्या शेकडो पत्रिका खोलीभर उडाल्या. त्या मी आणि ते, दोघांनी गुडघ्यांवर बसून गोळा केल्या. एकही पेन्शनर मदतीला आला नाही.

मला त्यांची कीव यायची आणि कंटाळाही यायचा. दोन्ही एकदम यायचं.

एका पुस्तकासाठी तर त्यांनी दोन वर्षं घालवली. कुणा जर्मन पंडिताचं, काम करता करता हसणाऱ्या कारागिरांवरचं. चार इंग्रजी ग्रंथांच्या तळटिपांत त्याचं नाव होतं, पानासकट. सर ते कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, सगळ्या ग्रंथालयांत शोधून आले, पुण्याला जाऊन आले, कलकत्त्याला पत्र घातलं, आणि शेवटी थेट परदेशात लिहिलं. आठ महिन्यांनी उत्तर आलं. असं पुस्तक आमच्याकडे नाही. आमच्या माहितीनुसार ते छापलंच गेलं नाही, फक्त जाहीर झालं होतं. म्हणजे पहिल्यानं जाहिरात बघून नाव टाकलं, पान मनचं घातलं, आणि बाकीच्या तिघांनी त्याच्यावरून उतरवलं. चौघांनी मिळून एक नसलेलं पुस्तक उभं केलं होतं. सर ते पत्र घेऊन नुसते बसून राहिले. मग पुढचे कित्येक महिने त्या चौघांचा उद्धार चालला होता. चोर म्हणायचे, लबाड म्हणायचे, अभ्यासाला लागलेली वाळवी म्हणायचे. पण ते सगळं पुढे; त्या दिवशी मी वाचनालयात चहा न्यायचा नाही हा नियम मोडून त्यांना कपभर चहा आणून दिला. आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेले, की काम करता करता हसणारे तुम्हाला जर्मनीत कशाला हवेत, माझे वडील साचेखात्यात आहेत, तिथं सगळे हसतातच.

साचेखातं म्हणजे गिरणीत जिथं माग चालतात ते. शेकडो साचे एकदम चालतात. कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि थट्टाही तशीच करतात, आवाजाशिवाय. माझे बाबा त्यात पटाईत. जॉबरची, म्हणजे खात्यातल्या मुकादमाची, नक्कल त्यांच्यासारखी कुणाला जमायची नाही.

सरांनी कप खाली ठेवला. विचारलं, ऐकूच येत नाही म्हणता, मग हसणं कसं? मी सांगितलं, हसणंही बिनआवाजाचं. म्हणजे आवाज असतो, पण कुणाला कळत नाही.

त्यांचे डोळे एकदम बदलले. जुन्या शास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत. थोरांचं हसणं ओठांतल्या ओठांत, आणि खालच्या माणसांचं मोठ्यांदा, अंग हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सरांना ती वाटणी पहिल्यापासून खुपत होती, पण खोडायला दाखला नव्हता. आता मिळाला. ज्यांना शास्त्र खालचे म्हणतं ती माणसं परळला आठ तास आवाज न करता हसत होती.

रविवारी सर आमच्या चाळीत आले. कोट घालून. आईनं शेजारून कपबश्या आणल्या. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, असा मी त्यांना फक्त लग्नाकार्यात बघितलेला. खोलीच्या मध्ये उभे राहिले, हात वर केले, आणि थांबले. परत केले, परत थांबले. मग कसनुसे होऊन म्हणाले, "साच्यांचो आवाज नाय तर ह्या माका जमाचा नाय, मास्तरांनू."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, करा हो, काय होतंय. सरांनी मान हलवली आणि हे बरोबर आहे असं म्हणून आईला विचारलं, की घरात आवाज होण्यासारखं काय काय आहे. मग आईनं पिठाचा डबा आणि लाटणं घेतलं, मी घमेलं घेतलं, शेजारच्या काकूंनी पत्र्याची बादली. आम्ही बडवायला लागलो. आवाज ऐकून गॅलरीतली सगळी चाळ दाराशी. कुणी ताट आणलं, कुणी पातेलं. असा काही धुमाकूळ माजला की खालच्या मजल्यावरची माणसं वर धावत आली.

त्या आवाजात बाबा सुरू झाले. आधी त्यांनी कानाला बोट लावलं. मग जॉबर झाले. पोट पुढे, चालीत रुबाब. धागा तुटतो. जॉबर धाग्यावर ओरडतो. धाग्याला ऐकू येत नाही. जॉबर साच्यावर ओरडतो. साचा थांबत नाही. जॉबर वाकून ओरडतो, आणि त्याच्या धोतराचा सोगा साच्यात जातो. मग सोग्यामागून धोतर, धोतरामागून जॉबर, असा तो हळूहळू विणला जातो आणि पलीकडून कापड होऊन बाहेर येतो. मग बाबा त्या कापडाची व्यवस्थित घडी घालतात, तिच्यावर गिरणीचा शिक्का मारतात, आणि बगलेत धरून चालू लागतात.

चाळ लोटपोट झाली. सरांच्या हातात घड्याळ होतं, हसणं किती वेळ टिकलं ते मोजायला. पण मी बघितलं, ते भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचा तो खाली गेलेला खांदा हलत होता. वळले तेव्हा चेहरा परत भेटून आल्यासारखा. विचारलं, आधी कानाला बोट का लावलंत?

बाबा म्हणाले, ही नक्कल त्यांची नाही. करी रोडला एक म्हातारे साचेवाले राहायचे, त्यांनी ती पहिल्यांदा केली. ते कानात कापूस घालायचे, म्हणून कानाला बोट. दुसऱ्याची नक्कल करायची तर आधी ज्याची आहे त्याची खूण करायची, मग करायची. खूण न करणाऱ्याकडे खात्यात कुणी बघत नाही, सगळे साच्याकडे तोंड फिरवतात. "मालक दाखवल्याशिवाय करूचा नाय," असं बाबा म्हणाले, आणि यात विशेष काय असं त्यांचं तोंड झालं.

सर खाली बसले. म्हणाले, "विद्यापीठात ही शिस्त नाही हो."

नंतर चार रविवार ते आले. एकूण पाच. चाळीनं डबे बडवले. सरांनी एक जाड वही केली, त्यात अकरा नकला बारीक अक्षरांत, हात कसा, मान कशी, कुठल्या क्षणी थांबायचं, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर मालकाचं नाव. त्यावर एक पूर्ण प्रकरण लिहायचं ठरलं. प्रबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं, असं ते म्हणाले, आणि तसं ते सहसा काही म्हणत नसत.

बाबांना याचं वेड लागलं. सही करण्यापुरतं लिहिणारा माणूस. मोर्च्याला जायचा, घसा बसवून यायचा, आणि आल्यावर मला पहिला प्रश्न, मास्तरांचं कुठवर आलं. एकदा म्हणाले, "सभेत सांगतत, मुंबय आमी बांदली. मगे आमचा हसणा खय लिवलेला आसा?" त्यांना दुसरं काही नको होतं. पुस्तकात खात्याचं हसणं यावं आणि ते त्यांच्या नावानं यावं, एवढंच. मी म्हणायचे, येईल बाबा. मला काय, तेव्हा खात्रीच होती.

सरांचे मार्गदर्शक विद्यापीठातले मोठे गृहस्थ. त्यांनी ते प्रकरण वाचून बाजूला ठेवलं. म्हणाले, आधार काय? सरांनी सांगितलं, मी स्वतः पाहिलं. ते म्हणाले, तुम्ही पाहिलंत हा आधार नव्हे. छापील काही असेल तर दाखवा, नाहीतर एखाद्या ग्रंथालयात दाखल असलेलं हस्तलिखित दाखवा, की परीक्षकाला मागवून बघता येईल. गिरणीतला कुणी हातवारे करतो हे प्रबंधात घालता येणार नाही. प्रकरण काढा, नाहीतर प्रबंध पुढे जात नाही. आणि मुदत महिन्याअखेर संपत होती. दोनदा वाढवून घेतलेली, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती.

हे सगळं सरांनी मला खिडकीशी सांगितलं. आणि मग जे झालं ते माझं डोकं, त्यांचं नव्हे. मी म्हटलं, वही ग्रंथालयाला भेट द्या. मी दाखल करून घेते, शिक्का मारते, नंबर घालते. झालं की हस्तलिखित.

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग पिशवीतून वही काढून दिली. ग्रंथपाल त्या दिवशी रजेवर होते. मी पहिल्या पानावर, सतराव्या पानावर आणि शेवटच्या पानावर शिक्का मारला, दाखल नोंदवहीत ओळ लिहिली, वहीच्या पाठीवर नंबर चिकटवला. सरांनी तो नंबर एका लग्नपत्रिकेवर उतरवून घेतला. मार्गदर्शकांनी मान्य केलं. हस्तलिखित आहे, ग्रंथालयात आहे, उत्तम. त्या संध्याकाळी मी घरी सांगून टाकलं, झालं बाबा, आलं तुमचं. बाबांनी उठून सदरा घातला आणि खात्यातल्या मंडळींना सांगायला निघून गेले.

मुदतीला आठ दिवस उरले असताना सर खिडकीशी आले. पिशवी नव्हती. म्हणाले, बाई, ती नोंद रद्द करा.

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, का? वही खोटी आहे का?

म्हणाले, "वही खरी आहे. पण ती मीच लिहिली, मीच भेट दिली, आणि आता मीच तिचा आधार देतोय. त्या चौघांना मी काय काय म्हणत होतो, तुम्ही ऐकलंय."

मी चिडले. खिडकीवर पाच माणसं उभी होती तरी चिडले. म्हटलं, त्या चौघांचं पुस्तक नव्हतंच, तुमचं आहे. माझ्या बापानं घाम गाळून करून दाखवलंय. ते म्हणाले, हो. मी म्हटलं, मी घरी सांगून बसलेय. ते म्हणाले, ते मला माहीत नव्हतं, माझं चुकलं. पण नोंद रद्द करा. मी म्हटलं, मग प्रकरण? त्यांनी खिडकीच्या कठड्याकडे बघत सांगितलं, की प्रकरण काढतोय.

दाखल नोंदवहीत खोडता येत नाही. रद्द करायचं तर लाल शाईनं पुढे 'बाद' लिहून सही करावी लागते. फाटलेल्या, वाळवी लागलेल्या, हरवलेल्या पुस्तकांपुढे आम्ही ते लिहायचो. मी बाबांच्या ओळीपुढे लिहिलं आणि नकलांची वही त्यांच्याकडे सरकवली. नमस्कारसुद्धा केला नाही. ग्रंथपालांनी पुढच्या आठवड्यात ते लाल अक्षर बघून माझ्याकडून लेखी खुलासा घेतला. नोकरी राहिली, एवढंच.

प्रामाणिक माणसांचा मला तेव्हापासून धसका आहे. त्यांचा प्रामाणिकपणा त्यांच्याजवळ राहतो, आणि भरपाई दुसऱ्याच्या घरी करावी लागते. मला राग कसला होता तर याचा, की लबाडी करायला मी तयार झाले होते, आणि ती करूनही बाबांच्या हाती काही लागलं नाही.

बाबांना मी सांगितलं नाही. काय सांगणार? खात्यात पेढे वाटून झाले होते. मग मराठी राज्य झालं. त्या दिवशी अख्खं परळ रस्त्यावर, गुलाल, ताशे. बाबा मला दारातून हाक मारून म्हणाले, "मुंबय गावली, आनि आमी पुस्तकात इलाव." मी हसले. सहा प्रकारांतलं कुठलं ते सरच जाणोत.

सरांना पदवी मिळाली. त्यानंतर एकदाच ते आले. हातात प्रबंधाची बांधलेली प्रत होती, काळं कापड, सोनेरी अक्षरं. तिच्या पानांत एक बोट घातलेलं. मी कार्डं लावत होते. मान वर न करता म्हटलं, भेट द्यायची असेल तर आत ग्रंथपालांकडे, खिडकीवर पुस्तकं घेत नाही. ते थोडा वेळ उभे राहिले. काहीतरी म्हणायचं असल्यासारखं घसा साफ केला. मग प्रत कोटाच्या आत धरून जिना उतरून गेले. पुढे ते मुंबईबाहेरच्या कुठल्याशा कॉलेजात गेल्याचं कळलं, आणि बऱ्याच वर्षांनी वर्तमानपत्रात ते गेल्याच्या दोन ओळी. पेन्शनरांपैकी कुणीतरी त्या वाचून दाखवल्या आणि पंखा मोठा केला.

बाबा निवृत्त झाले तेव्हा कान पूर्ण गेले होते. पण नक्कल करायचे. डबे लागत नव्हते आता. मी विचारलं तर म्हणाले, "कानातच साचे चलतत, वेगळो आवाज कित्या होयो?" शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, की आमचं नाव विद्यापीठाच्या पुस्तकात आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे. ते गेले तेव्हा खात्यातले लोक आले होते, त्यातल्या एकानंही तेच सांगितलं, पुस्तकातला माणूस गेला.

त्यालाही सहा वर्षं झाली होती. मी तोवर ग्रंथपाल झाले होते. एका वाचकासाठी जुना प्रबंध बघायला कोटातल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले होते, तो मिळाला, आणि शेजारीच सरांचा होता. काढायचा नव्हता खरं तर. काढला. प्रकरणं चाळली. साचेखात्याचं नव्हतंच, एक ओळ नाही, एक तळटीप नाही. मला ठाऊक होतं, तरी परत एकदा पहिल्यापासून बघितलं. मग सवयीनं शेवटची पानं उघडली. आधारांची यादी कोण वाचतं? मार्गदर्शक वाचत नाहीत, परीक्षक वाचत नाहीत, आम्ही ग्रंथालयवालेच काय ते बघतो.

यादीचे दोन भाग होते. एक, ज्यांची नावं सापडली पण जे पाहता आले नाहीत. दुसरा, स्वतः पाहिलेले. दुसऱ्या भागात एका संस्कृत टीकाकाराच्या खाली आणि एका फ्रेंच माणसाच्या वर, अकारविल्हे जिथं यायला हवं तिथंच, लिहिलं होतं :

तावडे, सोनू भिकाजी. साचेखाते, परळ. पाच वेळा पाहिले.

मी ते बोटानं वाचलं, बाबा सही करताना अक्षर धरायचे तसं. रडू आलं, परक्या ग्रंथालयात, लोकांदेखत. आणि सरांचा असा काही राग आला. एवढं एक वाक्य तोंडानं सांगायला काय झालं होतं या माणसाला? बाबा तेव्हा होते. पान उघडून त्यांच्यापुढे धरलं असतं, नावापुरतं त्यांना वाचता येत होतं.

पण सांगायला ते आले होते. खिडकीवर मीच होते, आणि मीच मान वर केली नाही.